बटण घरात, मोटार नदीवर : एका एक्स्टेन्शनकर्त्यास खुले पत्र

बारामती

महाशय,



तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुमच्यासारखे पुष्कळ आहेत आणि तुम्हा एकट्याला चव्हाट्यावर आणून माझं काम होणार नाही. कोड एडिटरसाठी एक्स्टेन्शन लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे पत्र वाचावं. खाई त्याला खवखवे.

तुम्ही एक एक्स्टेन्शन लिहिलंत. डेटाबेसची फाइल उघडायची, टेबलं बघायची, क्वेरी चालवायची, उत्तर तिथल्या तिथे दिसायचं, असं उपयोगाचं काम ते करतं. बसवा आणि वापरा, बाकी काही करावं लागत नाही, असं तुम्ही त्याच्या वर्णनात ठळक अक्षरांत लिहिलंत. आम्ही बसवलं. वापरता आलं नाही. आमचा एडिटर बारामतीत उघडलेला होता आणि आमचा कोड भाड्याने घेतलेल्या दूरच्या यंत्रावर होता. या दोन जागा वेगळ्या असू शकतात हे तुमच्या मनालाही शिवलं नव्हतं.

तक्रार नोंदवली. तुमचं एका ओळीचं उत्तर आलं, की माझ्याकडे चालतं. तेवढं लिहून तुम्ही तक्रार बंद केलीत. तुमच्याकडे ते चालतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. आपल्या घरात इन्व्हर्टरवर पंखा फिरतोय म्हणून अख्ख्या गावात लाइट आहे असं सांगणारा माणूस आणि तुम्ही, दोघांचा पुरावा एकाच तोलाचा आहे.

बारामतीतली माणसं कोड दूरच्या यंत्रावर का ठेवतात ते आधी ऐका, कारण तुम्हाला ते मोठ्या कंपन्यांचं कौतुक वाटतं. इथे विद्यानगरीत शिकायला बारामतीची मुलं येतात, तशी इंदापूर, दौंड, फलटणकडचीही येतात. मी ज्यांना संध्याकाळी शिकवतो त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे थोरल्या भावाचा नाहीतर चुलत्याचा जुना लॅपटॉप आहे, चार जीबी रॅमचा. त्यावर ब्राउझर, एडिटर आणि डेटाबेस एकदम उघडले की माउसचा बाण जागचा हलत नाही. नवा घ्यायचा तर कारखान्याकडून उसाचं बिल जमा व्हायची वाट बघायची, आणि त्या बिलावर आधीच सोसायटीचं कर्ज, खताची उधारी आणि बहिणीचं लग्न बसलेलं असतं.

अशा मुलाला रिमोट ही एकच वाट आहे. जड काम दूरच्या दणकट यंत्राने करायचं आणि जुन्या लॅपटॉपने फक्त खिडकी दाखवायची. यंत्रं आता फार लांबही नाहीत. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड केंद्र २०१५ मध्ये पुण्यात आलं, ॲमेझॉनचं २०१६ मध्ये मुंबईत. गिटहब कोडस्पेसेसवर वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत मिळतात. दोन कोअरचं यंत्र घेतलं तर ६० तास झाले. शिकणाऱ्याला ते पुरतात. नवा लॅपटॉप न घेता एखादी मुलगी इंदापूर तालुक्यातल्या घरी बसून तेच काम करू शकते, जे हिंजवडीतला पगारदार माणूस करतो. फक्त मधे तुम्ही आडवे पडला नाहीत तर.

व्हीएस कोड या आमच्या एडिटरमध्ये रिमोटची ही सोय मे २०१९ मध्ये आली. तिची रचना अभ्यासण्यासारखी आहे आणि तुम्ही ती अभ्यासलेली नाही. एडिटरचे दोन भाग होतात. खिडकी, कळफलक, रंग हा भाग तुमच्यासमोरच्या लॅपटॉपवर राहतो. दुसरा भाग एक छोटा सर्व्हर होऊन दूरच्या यंत्रावर जाऊन बसतो. फाइली तिथे, टर्मिनल तिथे, डीबगर तिथे, बहुतेक एक्स्टेन्शनंही तिथेच. टाइप केलेलं अक्षर मात्र इथेच उमटतं. तारेवरून जातो तो मजकूर आणि निरोप. रिमोट डेस्कटॉपमध्ये अख्ख्या पडद्याचं चित्र वाहून आणावं लागतं, म्हणून गावाकडच्या रेंजवर ते अडखळतं. इथे तसं होत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, दोन काड्यांच्या रेंजवर, शेतातल्या घरात बसून काम करणारी मुलं मी पाहतो.

दूरचा विचार करून साधन बनवणं ही आजची टूम नाही. १९७६ च्या सुमारास बिल जॉय यांनी बर्कलीत व्हीआय हा एडिटर लिहिला, तेव्हा घरून काम करायला त्यांच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. पडदा पुन्हा रंगायला इतका वेळ लागे, की डोकं पुढे पळायचं आणि अक्षरं मागे राहायची. म्हणून त्यांनी एकेका अक्षराच्या आज्ञा ठेवल्या. पन्नास वर्षांपूर्वी तारेच्या पलीकडच्या यंत्राचा विचार करूनच त्या माणसाने साधन घडवलं. तुम्हाला आज त्याच्यापेक्षा हजारो पट वेगाची तार मिळाली आहे आणि तिच्या पलीकडे यंत्र असतं हेच तुम्ही विसरलात.

हे तुम्हाला अवघड वाटत असेल तर एकदा इंदापूर तालुक्यात या. उजनीचं बॅकवॉटर भिगवण, कुंभारगाव, पळसदेवच्या बाजूने पसरलेलं आहे. मोटार पाण्याशी, शेत पाइपलाइनच्या दुसऱ्या टोकाला, आणि शेतकरी घरात. थ्री फेज लाइट अनेकदा रात्रीच येते. पूर्वी माणूस हातात बॅटरी घेऊन, अंधारात साप-विंचवाच्या वाटेने बटण दाबायला नदीवर जायचा. आता स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं. घरून फोन लावला की मोटार चालू होते. पेटीचं काम तेवढ्यावर संपत नाही. एक फेज गेला तर ती मोटार बंद करते. पाणी खाली गेलं आणि मोटार कोरडी फिरू लागली तरी बंद करते. आणि काय झालं ते मालकाला फोनवर सांगते.

ती पेटी बनवणाऱ्याने कामाला हात घालण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती, की माणूस मोटारीजवळ नाही. बाकीचं सगळं शहाणपण त्या एका गोष्टीतून आलं. तुम्ही मात्र माणूस, बटण आणि मोटार एकाच खोलीत आहेत असं धरलंत, आणि तुमचा सगळा आडमुठेपणा त्यातून आला.

आता एका मुलीचं सांगतो. ती माझ्याकडे शिकते. नाव आणि गाव सांगत नाही. तिने एक रिमोट यंत्र घेतलं, एसएसएचने जोडलं आणि तुमचं एक्स्टेन्शन बसवलं. तुमच्या खात्यात लॉगिन केल्याशिवाय ते काही दाखवत नाही, म्हणून तिने लॉगिनचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तुमचा कोड तिकडे दूरच्या यंत्रावर चालत होता आणि तिथे ब्राउझर उघडण्याची आज्ञा देत होता. त्या यंत्राला पडदाच नाही. ब्राउझर कुठे उघडणार? आज्ञा फसली, आणि फसल्याची खबरसुद्धा तुम्ही गिळून टाकलीत. पेटी निदान फोन करून सांगते. तुम्ही तेवढंही केलं नाहीत.

मी लॉगिनच्या पानाचा पत्ता लॉगमधून शोधून तिच्या ब्राउझरमध्ये हाताने टाकून दिला. पासवर्ड घेतला गेला आणि पान परत आलं ते लोकलहोस्टवर. लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच यंत्र’. पण कोणतं? तुमचा कोड दूरच्या यंत्राच्या दारात निरोपाची वाट बघत बसला होता आणि ब्राउझर तिच्या लॅपटॉपचं दार वाजवत होता. त्या दारामागे कोणी नव्हतं. पान उघडता येत नाही, एवढाच संदेश तिला दिसला.

यावर उपाय एडिटर बनवणाऱ्यांनी कधीच करून ठेवला आहे. ब्राउझर उघडायचा असेल तर यंत्राला हुकूम सोडायचा नाही, एडिटरच्या ‘ओपनएक्स्टर्नल’ला सांगायचं. तो दुवा वापरणाऱ्याच्या समोर उघडतो, कोड कुठेही चालत असो. लोकलहोस्टचा पत्ता द्यायचा असेल तर तो आधी ‘ॲझएक्स्टर्नलयूआरआय’मधून काढायचा. एडिटर पोर्ट जोडून देतो आणि वापरणाऱ्याच्या यंत्रावर खरा चालणारा पत्ता परत करतो. तुमच्या कोडमधल्या मोजक्या ओळी बदलायच्या होत्या. त्यासाठी तुम्ही एका शिकाऊ मुलीच्या दोन संध्याकाळी खाल्ल्यात.

दोन म्हणालो, कारण दुसरी पुढे गेली. कुणीतरी तिला सांगितलं, की एक्स्टेन्शन लॅपटॉपवरच चालव. तिने सेटिंग बदलून तसं केलं. लॉगिन झालं. मग तिने डेटाबेसची फाइल उघडली आणि तुमचा कोड म्हणाला, फाइल सापडत नाही. फाइल डाव्या बाजूच्या यादीत डोळ्यांसमोर होती. आता तुमचा कोड तिच्या विंडोजच्या लॅपटॉपवर बसून लिनक्सच्या यंत्रावरचा पाथ शोधत होता. तुम्ही फाइल वाचायला नोडचं ‘एफएस’ वापरलंत. ते ज्या यंत्रावर चालतं तिथलीच डिस्क बघतं. एडिटरचं ‘वर्कस्पेस डॉट एफएस’ वापरलं असतंत तर फाइल जिथे असेल तिथून आली असती.

ती मुलगी रात्री साडेअकरापर्यंत फाइलचं स्पेलिंग तपासत बसली. नाव बदलून पाहिलं, फोल्डर बदलून पाहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, “सर, मला हे जमणार नाही बहुतेक.”

महाशय, माझा खरा राग इथे आहे. मुरलेला माणूस तुम्हाला दोन शिव्या देतो आणि दुसरं एक्स्टेन्शन बसवतो. नवशिक्याला मात्र चूक कोणाची हे कळत नाही, म्हणून तो ती आपल्याकडे घेतो. घरात पहिल्यांदाच संगणक शिकणाऱ्या मुलीला ‘आपल्याला जमत नाही’ हे पटवून द्यायला फार काही लागत नाही. आजूबाजूची माणसं ते काम रोज करतच असतात. त्यांच्यात तुम्ही भर घातलीत.

तुमच्या बाकीच्या खोडी थोडक्यात सांगतो. क्लिपबोर्डवर कॉपी करायला तुम्ही बाहेरचं मॉड्यूल घेतलंत. ते सर्व्हरच्या क्लिपबोर्डला हात घालतं आणि सर्व्हरला क्लिपबोर्ड नसतो. एडिटरचा स्वतःचा क्लिपबोर्ड आहे, तो वापरा. लॉगिनची किल्ली तुम्ही होम फोल्डरमध्ये उघडी लिहून ठेवता. कंटेनर पुन्हा बांधला की ती जाते. तिच्यासाठी ‘सीक्रेटस्टोरेज’ आहे. तुमच्या पेटाऱ्यात फक्त इंटेल-एएमडीसाठी बांधलेली बायनरी आहे, आणि आमची मुलं भाडं कमी पडतं म्हणून एआरएमचं यंत्र घेतात. वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी वेगळं पॅकेज देण्याची सोय २०२१ पासून आहे.

सगळ्यात साधी गोष्ट तर तुम्ही केलीच नाहीत. ‘पॅकेज डॉट जेसन’मध्ये ‘एक्स्टेन्शनकाइंड’ नावाची एक ओळ असते. आपण कुठे चालायचं ते तिथे सांगता येतं : वापरणाऱ्याच्या बाजूला, कोडच्या बाजूला, किंवा दोन्हीपैकी कुठेही आणि आधी कुठे. रंगांच्या थीम, कळांची मांडणी हे वापरणाऱ्याच्या बाजूला. लिंटर, डीबगर, फाइलींशी बोलणारं सगळं कोडच्या बाजूला. ही ओळ लिहिताना माणसाला विचार करावा लागतो, की माझा कोड नक्की कशाला हात लावतो. तुम्ही ओळ लिहिली नाहीत आणि विचारही केला नाहीत.

तुम्ही म्हणाल, रिमोट वापरणारे असे किती? पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, २०२० मध्ये परम सिद्धी आला. अशा यंत्राच्या समोर खुर्ची टाकून कोणी काम करत नाही. संशोधक आपापल्या गावाहून एसएसएचने आत शिरतात. आमच्याच बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतांवर मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या साथीने उसासाठी एआयचा प्रयोग चालला आहे. शेतातले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं यांचं गणित शेतात होत नाही, ते दूरच्या यंत्रांवर होतं आणि सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. बांधावरचा शेतकरी दूरच्या यंत्राशी बोलतो आहे, आणि प्रोग्रॅमरसाठी बनवलेलं तुमचं एक्स्टेन्शन अजून एका टेबलावरून उठायला तयार नाही.

चूक मोठ्यांकडूनही होते. व्हीएस कोडची १.८६ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीला आली आणि तिने दूरच्या यंत्रावर जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती लागेल अशी अट घातली. सेंटओएस ७ वर ती २.१७ असते, उबुंटू १८.०४ वर २.२७. रात्रीतून कितीतरी लोकांचं जुन्या सर्व्हरशी जोडणं बंद पडलं. जुनी लिनक्स यंत्रं संशोधन संस्थांत पुष्कळ, आणि ती बदलणं वापरणाऱ्याच्या हातात नसतं. लोकांनी ओरड केली. काही दिवसांतच दुरुस्ती आली आणि जुन्या यंत्रांना वर्षभराची मुदत मिळाली. म्हणजे ऐकून घेता येतं. तुमच्याकडे तर एवढी ओरडसुद्धा नव्हती, एकच तक्रार होती, आणि तुम्ही तीही बंद केलीत.

तुम्ही फुकट काम करता हे मला मान्य आहे. नोकरी सांभाळून, रात्री बसून तुम्ही हे लिहिलंत याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणून मी नवं काही मागत नाही. ते रिमोटवर चालतं करायला वेळ नसेल तर निदान वर्णनात एक ओळ लिहा, की हे रिमोटवर चालत नाही. त्या एका ओळीने तिच्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. ‘बसवा आणि वापरा’ हे लिहायला मात्र तुम्हाला वेळ मिळाला होता.

आणि तपासायला दूरचं यंत्र लागतं ही सबब तर सांगूच नका. विंडोज असेल तर त्याच लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल उघडा. डॉकर असेल तर कंटेनर उघडा. एडिटरच्या दृष्टीने ते रिमोटच. पॅकेजची व्हीएसआयएक्स फाइल बनवा, रिमोट खिडकीत बसवा, लॉगिन करा, एक फाइल उघडा, एक ओळ कॉपी करा. खर्च शून्य, वेळ एका चहाचा. तुमच्या सगळ्या चुका त्या एका चहात दिसल्या असत्या.

नीरा डाव्या कालव्यावरच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. हेडला पाणी भरभरून वाहत असलं तरी इंदापूरकडच्या टेलच्या शेतात ते पोचलं का, हे टेलला जाऊनच बघावं लागतं. टेलचा शेतकरी पाण्याची वाट बघत बांधावर बसतो. तुमची टेल आम्ही आहोत.

अशाच अडचणीत सापडलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. एक्स्टेन्शन रिमोटवर मुकं झालं तर आधी चालू एक्स्टेन्शनांची यादी उघडून ते कुठल्या यंत्रावर चाललंय ते बघा. ‘रिमोट डॉट एक्स्टेन्शनकाइंड’ या सेटिंगने त्याची जागा बदलून पाहता येते. कधी चालतं, कधी एक रोग जाऊन दुसरा येतो. दोन्ही जागी चाललं नाही तर तुमचं स्पेलिंग तपासत बसू नका. चूक तुमची नाही. जे दिसलं ते नीट लिहून, कोणत्या यंत्रावरून कोणत्या यंत्राला जोडलं होतं ते सांगून, लिहिणाऱ्याकडे तक्रार नोंदवा. त्या मुलीने तेच केलं. बंद झालेली तक्रार तिचीच होती.

महाशय, ती तक्रार पुन्हा उघडा. तिच्यात तिने सगळं क्रमाने लिहिलं आहे, माझ्यापेक्षाही नीट. पुढची आवृत्ती सोडण्याआधी ती एकदा शेवटपर्यंत वाचा. दुरुस्ती आली की ती त्याच संध्याकाळी बसवून बघेल आणि चाललं की नाही ते तुम्हाला कळवेल.

कळावे,

बारामतीतला एक शिक्षक